प्रगतिपुस्तक आणि गाडीचे लायसन्स

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ, कोळसा खाणींच्या राज्याने १९८८ साली एक कायदा केला. अठरा वर्षांखालच्या मुलाने शाळा सोडली तर त्याचे वाहन चालवण्याचे लायसन्स काढून घ्यायचे, आणि अजून काढलेले नसेल तर द्यायचेच नाही, असा तो कायदा होता. सबळ कारणाशिवाय सलग दहा दिवस किंवा एकूण पंधरा दिवसांहून जास्त दांडी मारली की मुलाने शाळा सोडली असे धरले जाई. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. पुढच्या दोन दशकांत दोन डझनांच्या आसपास राज्यांनी या ना त्या रूपात त्याचा कित्ता गिरवला. ‘नो पास, नो ड्राइव्ह’ या नावाने हे कायदे ओळखले जातात.

कल्पना ऐकताच पटण्यासारखी आहे. किशोरवयीन मुलाला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट हाती धरायची आणि त्याला नकोशी वाटणारी गोष्ट तिच्याशी बांधायची. घरोघरी आईवडील हेच करतात. पण तेच सरकार करते तेव्हा प्रश्न वेगळे होतात. अशा अटीने मुले खरोखर शाळेत टिकतात का? टिकली तर शिकतात का? रस्ते सुरक्षित होतात का? आणि ज्याच्या घरापासून जवळची नोकरी वीस मैलांवर आहे त्या मुलावर या अटीचे ओझे किती पडते? साडेतीन दशकांच्या अनुभवानंतर या प्रश्नांची बरीचशी उत्तरे मिळू शकतात. ती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सोळावे वर्ष

हा कायदा अमेरिकेतच का जन्मला, हे कळण्यासाठी तिथले सोळावे वर्ष समजून घ्यावे लागते. बहुतेक राज्यांत पंधराव्या-सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना आणि सोळाच्या आसपास लायसन्स मिळते. मोठी शहरे सोडली तर सार्वजनिक वाहतूक जवळपास नाहीच. पिवळी स्कूलबस मुलाला शाळेत नेते आणि परत आणते. पण संध्याकाळचा फुटबॉलचा सराव, दुकानातली अर्धवेळ नोकरी, मित्राचे घर, सिनेमा हे सगळे गाडीवाचून अशक्य असते. तिथल्या मुलाच्या दृष्टीने लायसन्स म्हणजे दर वेळी आईवडिलांना विचारावे न लागता घराबाहेर पडण्याची मुभा.

त्याच सोळाव्या वर्षी आणखी एक दार उघडत असे. १९८० च्या दशकात बऱ्याच राज्यांत सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा सोळाच होती. म्हणजे ज्या वर्षी मुलाला शाळा सोडण्याची कायदेशीर मोकळीक मिळे, त्याच वर्षी त्याच्या हाती गाडीही येई. गाडी चालवायची तर पेट्रोलला पैसे हवेत, पैशांसाठी काम हवे आणि कामासाठी वेळ हवा. तो वेळ शाळेच्या तासांतून काढला जाई. कायदा करणाऱ्यांनी नेमक्या या सांध्यावर बोट ठेवले. शाळा सोडायची मोकळीक आहे, पण मग अठरा पूर्ण होईपर्यंत गाडी विसर, असे त्यांनी मुलाला सांगितले.

काळही अनुकूल होता. रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत, १९८३ च्या एप्रिलमध्ये, ‘अ नेशन ॲट रिस्क’ हा सरकारी अहवाल आला. अमेरिकी शाळांची पातळी घसरली असून त्यामुळे देशाचे भवितव्य धोक्यात आहे, हा त्याचा सूर होता. लगेच राज्याराज्यांत शिक्षणसुधारणांची लाट आली. टेक्सासने १९८४ मध्ये केलेल्या मोठ्या शिक्षण कायद्यात ‘नो पास, नो प्ले’ हे कलम घातले. एखाद्या विषयात सत्तरहून कमी गुण पडले की सहा आठवडे शाळेच्या संघातून खेळायचे नाही. फुटबॉलवेड्या टेक्सासमध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला, पण कलम टिकले. १९९५ मध्ये मुदत मात्र तीन आठवड्यांवर आली. विस्कॉन्सिनने १९८८ पासून ‘लर्नफेअर’ योजना राबवली. तिच्यात गरीब कुटुंबातील किशोरवयीन मूल शाळेत गैरहजर राहिले तर कुटुंबाच्या सरकारी मदतीला कात्री लागे. खेळ, मदतीचा पैसा आणि लायसन्स या तिन्हींमागे एकच विचार होता. शिक्षणाचे फळ दूर आहे आणि मुलाला ते दिसत नाही. म्हणून त्याला आज दिसणारे, आज टोचणारे काहीतरी समोर ठेवायचे.

तीन तऱ्हेच्या अटी

हे कायदे एकाच नावाने ओळखले जात असले तरी त्यांतल्या अटी सारख्या नाहीत. ढोबळमानाने त्यांच्या तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा पटावरच्या नावाची. मूल शाळेत दाखल असल्याचा दाखला आणला की पुरे. दुसरी तऱ्हा हजेरीची. फ्लोरिडात १९९७ च्या कायद्यानुसार नव्वद दिवसांच्या काळात विनाकारण पंधरा दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे लायसन्स स्थगित होते, आणि सलग तीस दिवस हजेरी लावल्यावर ते परत मिळू शकते. तिसरी तऱ्हा उत्तीर्णतेची. नॉर्थ कॅरोलिनात १९९८ पासून ‘ड्रायव्हिंग एलिजिबिलिटी सर्टिफिकेट’ नावाचा दाखला लागतो. मुलाने सत्राच्या कमाल विषयांपैकी सत्तर टक्के विषयांत उत्तीर्ण व्हायला हवे. तसा दाखला मुख्याध्यापकांनी दिल्यावरच परवान्याची खिडकी उघडते. केंटकीत सत्रात चार विषयांत तरी उत्तीर्ण व्हावे लागते आणि नऊ विनाकारण गैरहजेऱ्या झाल्या की मूल शाळाबाह्य समजले जाते. टेनेसीत तीन पूर्ण विषयांची अट आहे.

यांपैकी कुठलीही अट हुशारीची नाही, हे लक्षात ठेवायला हवे. पहिल्या दहांत येणाऱ्यालाच गाडी मिळेल असे कोणतेही राज्य म्हणत नाही. अट आहे ती किमान पातळीची. बऱ्याच राज्यांनी अडचणीतल्या कुटुंबांसाठी सवलतीचे कलमही ठेवले आहे. मुलाच्या कमाईवर घर चालत असेल किंवा घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात नेणारे दुसरे कोणी नसेल, तर अर्ज करून सूट मागता येते.

नॉर्थ कॅरोलिनाने पुढे २००० साली याला आणखी एक जोड दिली. शाळेत दारू, अमली पदार्थ किंवा शस्त्र बाळगले, अथवा शिक्षकावर हात उचलला, तर एक वर्ष लायसन्स नाही. इथे कायद्याचा हेतू बदलला. मुलाला शाळेत टिकवण्यासाठी आणलेली अट आता शिस्तीची छडी झाली. धोरणाचे एखादे साधन एकदा हाती आले की ते मूळ कामाबाहेरही वापरले जाते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

रॅली आणि कॅरी या नॉर्थ कॅरोलिनाच्या भागात किंवा टेक्सासच्या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे दाखले चांगले परिचयाचे आहेत. मुलाला सोळावे लागले की शाळेच्या कार्यालयातून कागद आणायचा, मग परवान्याच्या रांगेत उभे राहायचे, हा तिथल्या पालकपणाचा एक ठरलेला टप्पा आहे. अभ्यासाची ओढ असलेल्या घरांत ही अट जाणवतसुद्धा नाही. ज्या घरांत शाळा आणि मूल यांचे आधीच बिनसलेले आहे, तिथेच ती बोचते. म्हणून तिचे मोजमाप करायचे तर ते त्या घरांवरूनच करावे लागेल.

न्यायालयाचा निवाडा

हे कायदे लवकरच न्यायालयात गेले. वेस्ट व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९९० मध्ये ‘मीन्स विरुद्ध सिदिरोपोलिस’ हा खटला आला. शाळा सोडल्याच्या नोंदीवरून लायसन्स काढून घेण्यापूर्वी मुलाचे म्हणणे ऐकायला हवे की नको, हा मुद्दा होता. न्यायालयाने कायदा मोडीत काढला नाही. पण लायसन्स हा नागरिकाचा मोलाचा हक्क आहे आणि तो सुनावणीशिवाय हिरावून घेता येणार नाही, असे बजावले. निकालाचा अर्थ साधा आहे. शाळेच्या लिपिकाने हजेरीपटात केलेली एक चूक मुलाच्या पायातली बेडी होऊ नये.

केंटकीतला खटला अधिक विचार करायला लावणारा आहे. तिथला १९९० चा कायदा सगळीकडे सारखा लागू नव्हता. ज्या शालेय जिल्ह्यांत मागे पडलेल्या मुलांसाठी पर्यायी शिक्षणाची मान्यताप्राप्त सोय होती, तिथेच लायसन्सची अट लागू होई. मुलांना दुसरी वाट दिली असेल तरच शिक्षा करावी, हा त्यामागचा विचार होता. पण त्यामुळे एका जिल्ह्यातल्या मुलाचे लायसन्स जाई आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या तशाच मुलाचे टिकून राही. २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वावर हा कायदा अडवला. २००७ मध्ये विधिमंडळाने तो नव्याने संमत करून सर्व जिल्ह्यांना लागू केला.

न्यायालयाचा तर्क बिनचूक होता. पण आधीच्या कायद्यात एक शहाणपण होते, आणि त्याकडे दुर्लक्ष होऊ नये. आधी मदत, मग अट, हा क्रम त्यात होता. शिक्षा सगळीकडे पोचवायची तर मदतही सगळीकडे पोचली पाहिजे, हा धडा त्या निकालातून घ्यायला हवा.

अभ्यासांतून काय दिसते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या कायद्यांनी मुले शाळेत टिकली का?

या विषयावर सर्वांत जास्त उल्लेख होतो तो रश्मी बरुआ आणि मारियान विदाल-फर्नांदेझ या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा. वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळ्या वर्षी कायदे केले, या फरकाचा त्यांनी उपयोग करून घेतला. ज्या पिढीवर कायदा लागू झाला ती आणि ज्यांच्यावर झाला नाही ती, यांची त्यांनी तुलना केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसले की कायद्याचा लाभ सर्वांना सारखा झाला नाही, पण कृष्णवर्णीय मुलग्यांमध्ये शालान्त शिक्षण पूर्ण करण्याचे प्रमाण वाढले. दांड्या कमी झाल्या, अभ्यासाला दिलेला वेळ वाढला, आणि तो वेळ मौजमजेतून व पगारी कामातून निघाला. त्यांच्या पुढच्या अभ्यासात सोळा ते अठरा वयाच्या मुलग्यांच्या अटकेचे प्रमाणही घटल्याचे आढळले. हिंसा, अमली पदार्थ आणि मालमत्तेचे गुन्हे या तिन्ही बाबतींत. दुपारी वर्गात बसलेला मुलगा त्या वेळी रस्त्यावर नसतो, हे त्यातले एक सरळ कारण.

एवढ्यावर थांबले तर कायद्याच्या बाजूने कौल द्यावासा वाटेल. पण अर्थशास्त्रज्ञ केंडल केनेडी यांच्या अभ्यासाने दुसरी बाजू पुढे आणली. ज्या मुलाला शाळा सोडायचीच आहे, तो लायसन्ससाठी पटावर नाव ठेवतो, वर्गात येऊन बसतो, पण पुढे सरकत नाही. नववी-दहावीतच एकेक वर्ष घालवतो आणि अठरा पूर्ण झाले की निघून जातो. शाळागळतीचा आकडा काही काळ चांगला दिसतो. शिक्षण मात्र पूर्ण होत नाही. उलट त्याच वर्गात पुन्हा बसावे लागल्याने मुलाची उमेद खचते.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देणारे वाटतात, पण मला ते एकाच गोष्टीची दोन टोके वाटतात. लायसन्सची अट मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणू शकते. दाराच्या आत काय घडेल, हे शाळेवर अवलंबून आहे. आत त्याला हात देणारा शिक्षक, चुकलेला विषय भरून काढण्याची सोय, हाताने काम शिकवणारा अभ्यासक्रम असेल, तर तो टिकतो आणि पुढे जातो. नसेल, तर तो दिवस मोजत बसतो.

विस्कॉन्सिनच्या ‘लर्नफेअर’चा अनुभवही हेच सांगतो. मदत कापण्याचा धाक घालूनही मुलांची हजेरी सुधारल्याचे मूल्यमापनांत दिसले नाही. दंड पडला तो सगळ्या कुटुंबावर. जे मूल बेघरपणामुळे, आजारपणामुळे किंवा घरातल्या भांडणामुळे शाळेत जात नव्हते, त्याच्या अडचणीला त्या योजनेत उत्तर नव्हते.

गुणांशी बक्षीस बांधण्याबाबतचा एक प्रयोग इथे फार उपयोगी पडतो. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलँड फ्रायर यांनी अनेक शहरांत शाळकरी मुलांना रोख पैसे देऊन पाहिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीच्या गुणांसाठी आणि शिकागोत विषयांतल्या श्रेणींसाठी पैसे दिले, तेव्हा गुण वाढले नाहीत. डॅलसमध्ये दुसरीतल्या मुलांना प्रत्येक पुस्तक वाचल्याबद्दल दोन डॉलर दिले, तेव्हा त्यांची वाचनाची समज वाढली. कारण समजण्यासारखे आहे. पुस्तक वाचायचे कसे, हे मुलाला ठाऊक असते. गुण वाढवायचे कसे, हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक असते तर त्याने ते आधीच वाढवले असते. गुण वाढवण्यासाठी काय कराल असे विचारल्यावर मुले प्रश्न नीट वाचू, उत्तरे तपासू असे सांगत. वर्गात लक्ष देऊ, घरी अभ्यास करू, शिक्षकांना शंका विचारू, हे त्यांना सुचत नसे.

लायसन्सच्या बाबतीतही हा भेद लागू पडतो. वेळेवर येणे, तासाला बसणे, दिलेले काम पूर्ण करणे हे मुलाच्या हाती आहे. गणितात उत्तीर्ण होणे दर वेळी त्याच्या हाती नसते. डिस्लेक्सियासारखी अडचण असलेल्या मुलाला किंवा नुकत्याच दुसऱ्या देशातून आलेल्या आणि इंग्रजी चाचपडणाऱ्या मुलीला सत्तर टक्के विषयांची अट फार जड जाते. तिने कष्ट केले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही, तरी गाडी तिचीच अडते.

रस्ते सुरक्षित झाले का?

लायसन्स हा शेवटी रस्त्याशी संबंधित दस्तऐवज आहे. म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेत सोळा ते एकोणीस वयाच्या चालकांच्या अपघातांचे प्रमाण, चालवलेल्या मैलांमागे मोजले तर, वीस वर्षांवरील चालकांच्या जवळपास चौपट आहे. २०२० मध्ये तिथे तेरा ते एकोणीस वयोगटातील सुमारे २,८०० मुले वाहन अपघातांत मरण पावली. म्हणजे दिवसाला साधारण आठ. प्रश्न गंभीर आहे यात शंका नाही.

पण त्यावर उपाय म्हणून जे सिद्ध झाले आहे ते वेगळे आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत सुरू केली; अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये आणि पुढे सर्वच राज्यांनी ती कमीअधिक प्रमाणात स्वीकारली. आधी मोठ्या माणसाच्या सोबतीने चालवायचे, मग रात्री चालवायचे नाही आणि गाडीत मित्र कोंबायचे नाहीत या बंधनांसह, आणि शेवटी पूर्ण लायसन्स. रात्रीचा अंधार आणि समवयस्क सोबती हेच नवख्या चालकाचे मोठे धोके आहेत, आणि ही बंधने थेट त्यांच्यावर नेम धरतात. सोळा वर्षांच्या चालकांचे अपघात या पद्धतीने ठळकपणे घटले.

दुसरा उपाय आणखी अनपेक्षित आहे, आणि तो त्याच केंटकीतून आला. तिथल्या फेयेट काउंटीने माध्यमिक शाळेची वेळ सकाळी उशिरा केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पुढच्या दोन वर्षांत त्या काउंटीतल्या किशोरवयीन चालकांचे अपघात १६.५ टक्क्यांनी घटले. त्याच काळात उरलेल्या राज्यात ते वाढले. मुलांची झोप पूर्ण होऊ लागली, एवढाच बदल. २०१४ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत अशी शिफारस केली. शाळा आणि गाडी यांचा खरा, मोजता येणारा दुवा इथे सापडतो, आणि त्यात मुलाला एकही शिक्षा नाही.

गुणांच्या अटीचा सुरक्षिततेशी असा थेट दुवा दिसत नाही. भूमितीत नापास झालेला मुलगा वाईट चालक असतो असे नाही आणि पहिला आलेला मुलगा चांगला चालक असतो असेही नाही. चांगले गुण असलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकी विमा कंपन्या हप्त्यात सवलत देतात, हे खरे. ‘बी’ श्रेणीची सरासरी राखली की ती मिळते. पण विमा कंपनी गटाची सरासरी पाहून हप्ता ठरवते. सरकारला एका मुलाचा हक्क काढून घ्यायचा असतो. या दोन निर्णयांना लागणारा पुरावा सारखा असू शकत नाही.

झळ कोणाला?

शहरात मेट्रो किंवा बस असते. खेड्यात गाडीच असते. म्हणून लायसन्स गेल्याची झळ ग्रामीण मुलाला जास्त बसते. शिवाय श्रीमंत घरातल्या मुलाला आई सोडायला जाते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईच्या मुलाला सोडायला कोणी नसते. मग एक तर त्याची अर्धवेळ नोकरी सुटते, किंवा तो लायसन्सशिवाय गाडी चालवतो. दुसरी शक्यता सर्वांत घातक. एकदा पोलिसाने अडवले की दांडी मारण्याची चूक थेट गुन्ह्याच्या नोंदीत जाते.

अमेरिकेच्या मोटार वाहन प्रशासकांच्या संघटनेने २०१३ मध्ये राज्यांना मार्गदर्शन करताना असे सुचवले की वाहन चालवण्याशी संबंध नसलेल्या कारणांसाठी लायसन्स स्थगित करणे थांबवावे. त्यांचा युक्तिवाद व्यवहाराचा होता. थकलेला दंड, शाळेची गैरहजेरी अशा कारणांनी स्थगित झालेल्या लायसन्सांचा ढीग वाढला की पोलीस, न्यायालये आणि परवाना कार्यालये त्यातच गुंततात, आणि खरोखर धोकादायक चालकांकडे लक्ष द्यायला माणसे उरत नाहीत. जॉर्जियाने २०१५ मध्ये हजेरीची अट काढून फक्त दाखल असल्याची अट ठेवली, तीही याच दिशेने.

या साधनाची धारही आता बोथट होत आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या गणनेनुसार १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्क्यांकडे लायसन्स होते. २०१४ मध्ये ते प्रमाण २४.५ टक्क्यांवर आले. मित्र फोनवर भेटतात, गाडी आणि विमा महागले आहेत, आणि घाई राहिलेली नाही. ज्याला लायसन्स नकोच आहे, त्याला ते काढून घेण्याचा धाक कसा घालणार?

आपल्याकडचे दुवे

भारतात लायसन्सला शालेय गुणांची अट नाही. पण शिक्षण आणि लायसन्स यांची सांगड आपणही घालून पाहिली आहे. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत होती. हरियाणातल्या मेवात भागातल्या अनेक कुशल पण कमी शिकलेल्या चालकांची अडचण त्या राज्याने केंद्रापुढे मांडली, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती अट काढण्याचा निर्णय घेतला. त्याच वेळी प्रशिक्षण आणि चाचणी कडक करण्यावर भर राहील असे सांगितले. शाळेतली इयत्ता आणि स्टिअरिंगवरचा हात या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व आपल्या सरकारने अशा रीतीने मान्य केले.

घरात मात्र आपण नेमके उलटे करतो. दहावीला इतके टक्के मिळव, मग स्कूटर घेऊन देतो, हे आश्वासन महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत दिले जाते. त्यात गुणांची अट आहे, पण लायसन्सची नाही. मोटार वाहन कायद्यानुसार अठराच्या आत फक्त पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवता येते, तीही सोळा पूर्ण झाल्यावर आणि लायसन्स काढून. तशा पेट्रोलच्या गाड्या आता बाजारात जवळपास मिळतच नाहीत. म्हणजे दहावीच्या निकालानंतर पेढ्यांसोबत मुलाला कायदा मोडण्याची मुभा दिली जाते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही, अशी तरतूद केली. तरी कॉलेजांच्या आणि क्लासच्या बाहेर उभ्या गाड्या पाहिल्या की ती तरतूद किती घरांपर्यंत पोचली आहे हे कळते.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मरण पावले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. तो संताप योग्य होता. रस्त्यावरच्या जबाबदारीची भरपाई शाळेतल्या कामाने होत नाही, हे लोकांना पटकन कळले. मग शाळेतल्या यशाने रस्त्यावरची जबाबदारी सिद्ध होत नाही, हेही आपण मान्य करायला हवे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. टक्केवारी पाहून गाडीची किल्ली देणाऱ्या प्रत्येक घराने हा आकडा वाचावा.

निष्कर्ष

या साऱ्या अनुभवातून माझे मत असे झाले आहे.

हजेरीची अट काही मर्यादेत समर्थनीय आहे, पण तीन गोष्टी पाळल्या तरच. लायसन्स काढून घेण्यापूर्वी मुलाचे म्हणणे ऐकावे. अट लागू करण्याआधी मागे पडलेल्यांसाठी पर्यायी वर्ग, समुपदेशन आणि हाताने शिकण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात असावी. आणि परत मिळवण्याचा रस्ता छोटा असावा. महिनाभर नियमित आले की लायसन्स परत. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर ती अट फक्त दुबळ्यांवर बसणारा दंड ठरते.

गुणांची अट मला मान्य नाही. जे मुलाच्या पूर्ण ताब्यात नाही त्यासाठी त्याचा हक्क काढून घेणे अन्यायाचे आहे, आणि त्याने शिक्षण सुधारते याचा पुरावाही पुरेसा नाही. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी तर ती अट निरुपयोगीच आहे. तिथे टप्प्याटप्प्याचे लायसन्स, रात्रीची व सोबत्यांची बंधने, कडक चाचणी आणि पुरेशी झोप हेच उपाय कामाचे आहेत. भारताने या कायद्याची नक्कल करू नये. नक्कल करायचीच असेल तर टप्प्याटप्प्याच्या लायसन्सची करावी.

आणि पालकांना एक कळकळीची विनंती. मुलाला चांगले गुण मिळाले तर त्याचे कौतुक करा, पुस्तके द्या, त्याला सहलीला पाठवा, हवे तर सायकल द्या. गाडी मात्र गुणांवर देऊ नका. अठरा पूर्ण झाल्यावर, आरटीओची परीक्षा खरोखर देऊन, हेल्मेट घालून, तुमच्या देखत काही महिने नीट चालवून दाखवल्यावरच ती त्याच्या हाती द्या.